दत्तूच्या कार्डावर अडलं

(गिरगाव, २०११. वाडीतल्या घराची पुढची खोली, खिडकीपाशी लिओनार्डचं दुरुस्तीचं टेबल. मंगळवार दुपार.)

लिओनार्ड : आणि अडलं की परत पहिल्यापासून चालू केलंत?

तुळशीदास : मग काय करणार? अडलं की बंद करायचं, जरा वारा घालायचा, परत चालू करायचं.

लिओनार्ड : किती वेळा?

तुळशीदास : मोजलं नाय.

लिओनार्ड : अंदाजे सांगा, काका. डॉक्टरसमोर लाजायचं नाही.

तुळशीदास : शनिवारी दिवसभर. रविवारी दिवसभर. काल सकाळपासून वाचनालय बंद होईपर्यंत. दीडशे वेळा तरी झालं असेल.

लिओनार्ड : जीझस.

तुळशीदास : का रे, जास्त झालं?

लिओनार्ड : वाचनालयात कोणी काही बोललं नाही तुम्हाला?

तुळशीदास : लालबागचं वाचनालय ते. माणसं पेपर वाचायला येतात, नायतर पंख्याखाली झोपायला. कॉम्प्युटरला मी सोडून कोण हात लावत नाय. मंडळाने मलाच दिलाय तो. अडुसष्टाव्या वर्षी शिकलो मी, हसू नको.

लिओनार्ड : हसत नाही. आता नीट सांगा. काय कॉपी करत होता, कुठून कुठे?

तुळशीदास : ह्या डबीतून, म्हणजे तुमची ती हार्ड डिस्क, ह्या पेनड्राइव्हवर. डबीत आमच्या गिरणीतल्या एकशे त्रेसष्ट माणसांची कार्डं आहेत. तिकीट नंबर, खातं, हजेरी, सगळं. तीन वर्षांमागे मी घरोघर फिरलो. लालबाग, परळ, वरळी, कोण कोण तर पार विरारला गेलेले. कागद मागून आणले, वाचनालयातल्या स्कॅनरवर एकेक काढला, ज्याचा त्याला परत नेऊन दिला. लोक म्हणायचे, तुळशी म्हातारपणी खुळावला. आता गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज निघाले आणि तीच माणसं माझ्या दारात. 'तुळशीदास, माझं कार्ड हरवलं, तुझ्या डबीत आहे ना रे?'

लिओनार्ड : आणि आहे.

तुळशीदास : आहे. बाहेर येत नाय, एवढंच. आणि शुक्रवारी अर्जाची खिडकी बंद.

लिओनार्ड : एरर काय येतो?

तुळशीदास : लिहून आणलाय. हा बघ. 'डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक.' म्हटलं ही सायकल कुठून आली मध्येच.

लिओनार्ड : डिस्क म्हणते, घे हे तुझं कार्ड. कॉम्प्युटर तपासून बघतो आणि म्हणतो, हे नाही ते. असं भांडण आहे. केबल बदलून बघितलीत?

तुळशीदास : तीन बदलल्या. एक तर कोरी, लॅमिंग्टन रोडवरून आणली.

लिओनार्ड : पेनड्राइव्ह?

तुळशीदास : त्याच्यावर गणपतीचे फोटो टाकून बघितले. गुपचूप गेले.

लिओनार्ड : दुसरा कॉम्प्युटर?

तुळशीदास : मंडळाच्या सेक्रेटरीच्या घरचा. तिथे पण तिथेच अडलं.

लिओनार्ड : तिथेच म्हणजे एक्झॅक्ट तिथेच?

तुळशीदास : त्याच कार्डावर. एक्याण्णवाव्या.

लिओनार्ड : शाबास. म्हणजे केबल नाही, पेनड्राइव्ह नाही, कॉम्प्युटर नाही. उरली ही. अर्धं काम तुम्ही माझ्यापेक्षा भारी केलंत, काका. उरलेल्या अर्ध्यात वाट लावलीत. आता जरा गप्प बसा, हिला ऐकू द्या.

तुळशीदास : तुझा बाप पण अस्साच. ऑस्वाल्ड फिटर. स्क्रू ड्रायव्हर बेअरिंगला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा. आम्हाला वाटायचं प्रार्थना करतो. मग म्हणायचा, 'हिला तेल नको, तुळशी, हिला पेन्शन दे.'

लिओनार्ड : हिला पण पेन्शनच पाहिजे. ऐका. टक्, टक्. मग जरा थांबते. मग परत टक्. आत सुई आहे, ती जागा शोधायला जाते, सापडत नाही, घरी येते, परत निघते. हा आवाज कधीपासून?

तुळशीदास : गेल्या दसऱ्यापासून.

लिओनार्ड : इतकं नक्की?

तुळशीदास : खंडेनवमीला पूजा केली ना हिची.

लिओनार्ड : म्हणून हे कुंकू! मी म्हटलं गंज कसा आला.

तुळशीदास : गिरणीत साच्यांची, म्हणजे मशीनींची, करायचो. फुलांच्या माळा, गुलाल, पेढे, मालक पण यायचा त्या दिवशी. आता साचे नायत, आहे ती ही डबी. गंध लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, समोर नारळ फोडला.

लिओनार्ड : समोर म्हणजे कुठे?

तुळशीदास : टेबलावरच.

लिओनार्ड : ही ज्या टेबलावर होती त्याच?

तुळशीदास : मग काय शेजारच्यांच्या?

लिओनार्ड : आणि ही चालू होती?

तुळशीदास : चालूच ठेवली होती मुद्दाम. तिचा निळा दिवा लागतो ना, शोभा येते.

लिओनार्ड : किती फटक्यांत फुटला?

तुळशीदास : कठीण निघाला मेला. चार-पाच... अरे! शिरां पडो त्या नारळावर. त्याने झालं?

लिओनार्ड : गिरणीतला साचा बिडाचा, काका. त्याच्यावर नारळ काय, नारळाचं झाड पडलं तरी तो चालेल. हिच्या आत आरशासारखी थाळी आहे, मिनिटाला पाच हजार वेळा फिरते. सुई तिला टेकत पण नाही, वरून तरंगते, मध्ये केस जाणार नाही इतक्या जवळून. तुम्ही हिच्या डोक्यापाशी नारळ आपटलात. सुई थाळीवर पडली, खरचटलं. खरचटलं तेवढं वाचता येत नाही. सिंपल आहे.

तुळशीदास : देवासाठी फोडला रे.

लिओनार्ड : देव समजून घेईल. डिस्क नाही घेत. पण ऐका, नुसत्या नारळाने एवढं झालं नव्हतं. दसऱ्याला खरचटलं होतं बोटभर. तुम्ही तीन दिवस सुई तिथूनच घासलीत. दर वेळी आधीची नव्वद कार्डं पण परत वाचलीत, गरज नसताना. आता हिला धाप लागलीय.

तुळशीदास : मग आता?

लिओनार्ड : आता एक सांगा. अडलं की स्क्रीनवर चौकोन येतो. त्यात ट्राय अगेन असतं, स्किप असतं, कॅन्सल असतं.

तुळशीदास : येतो ना.

लिओनार्ड : स्किप कितीदा दाबलंत?

तुळशीदास : नाय दाबलं.

लिओनार्ड : दीडशे वेळांत एकदा पण नाही? इंग्रजी कळलं नाही म्हणू नका. आख्खा एरर तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून आणलाय.

तुळशीदास : स्किप कळतं मला.

लिओनार्ड : मग? ते एक कार्ड सोडलं असतं तर मागची सगळी शनिवारीच बाहेर आली असती. संध्याकाळी घरी जाऊन जेवला असता.

तुळशीदास : चहा मिळेल का रे?

लिओनार्ड : बायकोने आत ठेवलाय. चहा येईल. तुम्ही बोला.

तुळशीदास : तू काय करणार ते आधी सांग.

लिओनार्ड : बरं. विंडोजला आता हात लावायचा नाही. दुरुस्तीचं काही चालवायचं नाही, त्यात ही मरेल. बाजूला नवीन डिस्क लावतो आणि माझा एक वेगळा प्रोग्राम चालवतो. तो हिच्यावरचं सगळं उचलत जातो. जिथे अडलं तिथे हट्ट करत नाही. खूण ठेवतो, पुढे जातो. चांगलं चांगलं सगळं बाहेर आलं की मग माघारी फिरतो आणि खुणा बघत एकेक अडलेल्या जागेपुढे बसतो.

तुळशीदास : ही तर सांधणी झाली.

लिओनार्ड : काय झाली?

तुळशीदास : त्रासन खात्यातली सांधणी. तुझा बाप वर्कशॉपात, तुला नाय कळायचं. त्रासन म्हणजे सूत काढायचं खातं. फ्रेम एवढी लांब, ह्या तुझ्या दारापासून वाडीतल्या क्रॉसपर्यंत. एका अंगाला दोनशे चात्या गरागरा फिरतात आणि प्रत्येक चातीवर एक तार. तार सारखे तुटतात. सांधेवाला येरझाऱ्या घालतो. तुटला, चिमटीत धरला, जोडला, पुढे. एखादी चाती द्वाड असते. जोडला की तोडते, जोडला की तोडते. नवशिका असला की तिच्यापुढे ठाण मांडतो, म्हणतो आज हिला सरळच करतो. हा तिच्याशी भांडत बसतो तोवर मागे वीस तार तुटून कापूस गुंडाळलेला. मग जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतो आणि त्याची आईबहीण काढतो. द्वाड चाती सोडायची, फेरी पुरी करायची, सगळ्यांचं झालं की मग तिच्याकडे यायचं. किती जणांना शिकवलंय मी हे.

लिओनार्ड : आणि स्वतः तीन दिवस एका चातीपुढे उभे.

तुळशीदास : हं.

लिओनार्ड : कोणाचं कार्ड आहे ते? एक्याण्णवावं?

तुळशीदास : दत्तूचं.

लिओनार्ड : दत्तू कोण?

तुळशीदास : माझ्या बाजूच्या फ्रेमवर होता. बावीस वर्षं. एका दिवशी लागलो आम्ही. जाऊन पाच वर्षं झाली त्याला. मागे बायको आहे, रखमा. बीडीडी चाळीत पुतण्याच्या खोलीत असते. दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, ही मोरीच्या बाजूला अंथरूण घालते. तिचा अर्ज राहिलाय. मूळ कार्ड ट्रंकेत होतं, वाळवीने भुसा केला. जगात आता दत्तूचं एकच कार्ड आहे आणि ते ह्या डबीत आहे.

लिओनार्ड : आता मी स्पष्ट बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. ही किती वेळ टिकेल मला माहीत नाही. तीन तास टिकेल, वीस मिनिटांत पण जाईल. तुमच्या पेनड्राइव्हवर नव्वद आलेत. आत राहिलेत त्र्याहत्तर. पहिल्या फेरीत मी दत्तूचं सोडणार, बाकीचे बहात्तर काढणार. त्यानंतर जिवंत असली तर दत्तूकडे येणार. मध्येच मेली तर दत्तूचं गेलं.

तुळशीदास : उलटं कर. आधी दत्तूचं काढ.

लिओनार्ड : ती जागाच हिला मारतेय, काका. तिथेच मेली तर बहात्तर गेले.

तुळशीदास : त्या बहात्तरांत माझं पण आहे. दत्तूच्या मागचाच नंबर. माझा अर्ज कधीच भरून झाला. बहुतेकांचे कागद घरी आहेत.

लिओनार्ड : बहुतेकांचे. किती जणांचे नाहीत?

तुळशीदास : अकरा.

लिओनार्ड : अकरा.

तुळशीदास : मला आकडे नको शिकवू. त्या अकरांची नावं मला पाठ आहेत. लवूच्या विधवेचं आहे, गुणवंतीचं आहे. सांगू सगळी?

लिओनार्ड : नको. मी काही शिकवत नाही. सगळं जोडून दिलंय, प्रोग्राम उभा आहे. एंटर दाबलं की तो चालायला लागेल, अडेल ते सोडत. एंटर तुम्ही दाबा.

तुळशीदास : तू दाब की. तुझं काम आहे.

लिओनार्ड : नाही. हे तुमचं काम आहे. उद्या दत्तूची बायको विचारेल तेव्हा तुम्ही तिला 'लिओनार्डने सोडलं' असं सांगायचं नाही.

तुळशीदास : मी त्याला एकदा सोडून गेलोय रे. परत नाय जायचं मला.

लिओनार्ड : कधी?

तुळशीदास : संपात. ब्याऐंशी साल. दिवाळी झाली होती, दहा महिने झाले होते. आमची मोठी टायफॉईडने आडवी. घरातले डबे वाजवून बघायचे, एकाचा पण आवाज भरीव येत नाय. गिरणीने सांगितलं, सोमवारी फाटक उघडतो, यायचं त्यांनी या. पोलिसांच्या गाडीमागून आत नेणार. मी गेलो.

लिओनार्ड : दत्तू?

तुळशीदास : दत्तू फाटकावर. संपवाल्यांकडून. हातात वही. आत कोण कोण जातो त्याचं नाव उतरवायचं काम त्याला दिलेलं. संप जिंकला की ती वही उघडायची आणि एकेकाला विचारायचं, असं ठरलेलं. मी त्याच्या दोन हातांवरून गेलो. त्याने मला बघितलं. सरळ डोळ्यांत बघितलं आणि पाठ फिरवली.

लिओनार्ड : काही बोलला नाही?

तुळशीदास : शिवी दिली असती तर बरं झालं असतं. थुंकला असता तरी चाललं असतं. नुसती पाठ. आणि मी तरी काय बोललो? 'दत्तू, पोर आजारी आहे रे.' एवढंच बोलायचं होतं. नाय बोललो. खाली मान घातली आणि पुढच्याच्या टाचा बघत आत गेलो.

लिओनार्ड : वही उघडली मग कधी?

तुळशीदास : संप कुठे जिंकला? वही गेली कुठे तरी. दत्तूला परत घेतलं नाय. हिंदमाताला कापडाचे गठ्ठे वाहिले त्याने. मी आणखी दहा वर्षं फ्रेमवर. रस्त्यात भेटायचो, 'काय तुळशी', 'काय दत्तू'. एकमेकांच्या घरी लग्नाकार्याला जेवलो. त्याला खांदा दिला मी. पण त्या सोमवारचं ना त्याने काढलं ना मी. आणि आता ती डबी मला दिवसातून पन्नास वेळा विचारते, दत्तूला सोडू का? तुझ्या बापाने पण नसतं दाबलं ते बटण.

लिओनार्ड : माझ्या बापाने दाबलं असतं. मग बारमध्ये जाऊन रडला असता.

तुळशीदास : हो. तसा होता खरा.

लिओनार्ड : नवशिक्याला तुम्ही काय सांगायचात?

तुळशीदास : फेरी पुरी कर म्हणून.

लिओनार्ड : मग.

तुळशीदास : कुठलं बटण? हे मोठं?

लिओनार्ड : हे.

तुळशीदास : दत्तू, फेरी पुरी करून येतंय मी. थांब हां, बाबा.

लिओनार्ड : झालं. चालू लागली. आता हात लावायचा नाही, वारा घालायचा नाही आणि पाया पण पडायचं नाही. चहा घ्या.

तुळशीदास : किती झालं?

लिओनार्ड : एक टक्का. बशी नीट धरा.

तुळशीदास : आता?

लिओनार्ड : काका, दर दोन मिनिटांनी विचारलंत म्हणून ती पळणार नाही. माझी दुसरी दोन कामं आहेत, ती करू द्या. तुम्ही खिडकीतून वाडी बघा.

तुळशीदास : बघतो. तुमच्याकडे ती कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपते आणि स्कूटरवाले तिला वळसा घालून जातात. आमच्याकडे लाथ बसली असती.

लिओनार्ड : ती पंधरा वर्षांची आहे. वाडीत तिला सगळे आंटी म्हणतात.

तुळशीदास : साडेचार वाजले. दोन तास झाले रे.

लिओनार्ड : सत्त्याण्णव टक्के. दारात कोण आहे बघा.

शैला : लिओनार्ड कॉम्प्युटरवाले इथेच ना? खाली चार जणांना विचारलं, चौघांनी चार घरं दाखवली. अहो तुळशीकाका, तुम्ही फोन का उचलत नाही?

तुळशीदास : बंद ठेवलाय. म्हटलं डबीला त्रास नको. लिओनार्ड, ही शैला. दत्तूची मुलगी. हिंदमाताला साडीच्या दुकानात असते.

शैला : सेठला सांगून आलेय, सहाला परत काउंटरवर पाहिजे. लग्नाचं गिऱ्हाईक आहे, पंधरा बायका घेऊन येणार. बोला पटकन, निघालं का?

लिओनार्ड : एक मिनिट. हां, पहिली फेरी संपली. उघडून बघतो. बहात्तर. मोजा हवं तर. सगळी उघडतायत.

तुळशीदास : लवूचं?

लिओनार्ड : आहे.

तुळशीदास : गुणवंतीचं?

लिओनार्ड : हे काय. फोटोत हसतेय.

शैला : आणि आमचं?

लिओनार्ड : तुमचं त्र्याहत्तरावं. अजून आत आहे.

शैला : वाटलंच. आमचा नंबर कायम शेवटी. रेशनच्या लायनीत पण आईच्या पुढच्या बाईपर्यंत रॉकेल पुरायचं.

तुळशीदास : शैले, मी सोडलं गे ते. पहिल्या फेरीत सोडायचं म्हणून मीच बटण दाबलं. मध्ये डबी मेली असती तर तुझ्या बापाचं कार्ड गेलं होतं. माझ्या हाताने.

शैला : बरं. मग बाकीच्यांची आली ना?

तुळशीदास : रागवत नायस?

शैला : काका, एका बाईचा रंग ठरत नाही म्हणून मी बाकीच्या गिऱ्हाइकांना उभं ठेवत नाही. तिला चहा देते, बसवते, दुसऱ्यांच्या घड्या बांधते आणि मग येते. ह्यात रागवायचं काय?

लिओनार्ड : आता सगळे गप्प. दुसरी फेरी. ह्या वेळी उलट्या बाजूने वाचायला लावतोय. पुढून अडतं ते कधी कधी मागून येतं.

शैला : हा टक्टक् आवाज चांगला की वाईट?

लिओनार्ड : वाईट. गप्प.

तुळशीदास : थांबला.

लिओनार्ड : श्वास घेतेय. थांबा. परत गेली. हां. हां, ये, ये. काही तरी आलं. अजून थोडं... नाही. बास. आवाज पण बंद झाला. गेली ही.

तुळशीदास : गेली म्हणजे?

लिओनार्ड : मेली. आता फिरत पण नाही. पण जाताना थोडं देऊन गेली. फाइल उघडून बघतो. हं. अर्धं आहे.

शैला : कुठलं अर्धं? सरका जरा. वरचं. गिरणीचं नाव आहे. खातं, रिंग स्पिनिंग. दत्ताराम घाडी! काका, नाव आलंय बाबांचं! तिकीट नंबर चार, तीन, एक... पुढे सगळं राखाडी.

तुळशीदास : सात. त्रेचाळीसशे सतरा. माझा अठरा.

शैला : फोटो नाही का?

लिओनार्ड : फोटो खाली होता. हजेरीचे चौकोन पण खालीच. ते नाही येणार आता. सॉरी.

शैला : सॉरी कशाला, सकाळी तर काहीच नव्हतं. खिडकीवरच्या बाईंना मी विचारून ठेवलंय. त्या म्हणाल्या, कागद अपुरा असेल तर त्याच खात्यातल्या माणसाकडून लिहून आणा. कधीपासून कधीपर्यंत बरोबर होता, आणि त्याची स्वतःची नोकरी किती, ते पण. मग बघू म्हणाल्या.

तुळशीदास : बघू म्हणाली?

शैला : बघतील. चांगल्या आहेत. माझ्याकडून साडी नेली होती मागे.

तुळशीदास : मी देतो लिहून. लिओनार्ड, कागद दे. रेघांचा असला तर बघ. 'मी, तुळशीदास पेडणेकर, तिकीट नंबर ४३१८, लिहून देतो की कैलासवासी दत्ताराम घाडी हे माझ्या बाजूच्या फ्रेमवर सन १९६० पासून...'

शैला : थांबलात का? ब्याऐंशीपर्यंत. संपापर्यंत.

तुळशीदास : त्याचं ब्याऐंशी. आणि माझं खाली लिहायचं ना? माझं ब्याण्णव.

शैला : मग लिहा ब्याण्णव.

तुळशीदास : एकाच कागदावर दोन्ही. वाचणारा विचारेल, शेजारी शेजारी दोन फ्रेमवाले, एक बाहेर राहिला, दुसरा दहा वर्षं आत कसा?

शैला : कसे?

तुळशीदास : मी आत गेलो, शैला. संप चालू असताना. तुझा बाप फाटकावर उभा होता आणि मी त्याच्या समोरून गेलो. तुला हे माझ्या तोंडून कळायला पाहिजे होतं, आणि ते मी तीस वर्षं गिळून बसलो. लाज वाटायची गे. तुमच्या घरी जेवताना घास फिरायचा तोंडात.

शैला : कधी गेलात?

तुळशीदास : दिवाळीनंतरचा सोमवार. बावीस नोव्हेंबर. त्याच्याकडे वही होती, आत गेलेल्यांच्या नावांची. त्यात असेल माझं. लिहायलाच पाहिजे होतं त्याने, मी नाय म्हणत नाय.

शैला : कसली वही? खाकी पुठ्ठ्याची?

तुळशीदास : तुला काय माहीत?

शैला : ही बघा. आईने दिलीय. म्हणाली, कार्ड नाहीच निघालं तर ही दाखव, बाबांचं अक्षर आहे, गिरणीचं नाव आहे. देवाच्या फोटोमागे असायची. म्हणून वाळवीला नाही मिळाली. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती, बाबा गेल्यावर पण आईने काढली नाही कधी.

तुळशीदास : मला नको देऊ. तू वाच. बावीस तारीख.

शैला : वीस... एकवीस कोरी... हां, बावीस. सोमवार, सकाळची पाळी. एक, लवू, सांधेवाला.

तुळशीदास : होता. माझ्या पुढे होता.

शैला : दोन, शिवा, साळखातं. तीन, केशव, कांडीवाला... सगळी वाचू?

तुळशीदास : वाच. मनात वाच. माझं आलं की सांग.

शैला : पंचवीस. सव्वीस. संपली. खाली रेघ मारलीय.

तुळशीदास : मागच्या पानावर बघ.

शैला : मागे तेवीस तारीख आहे.

तुळशीदास : परत वाच.

शैला : दोनदा वाचलं, काका. नाही तुमचं नाव.

तुळशीदास : बोट ठेवून वाच, चुकली असशील.

लिओनार्ड : ट्राय अगेन बास आता, काका.

तुळशीदास : अरे, पण आम्ही सत्तावीस होतो! गाडीमागे रांगेत उभं करून हवालदाराने मोजलेलं, माझ्या खांद्यावर काठी टेकवून म्हणाला, सत्तावीस. मी शेवटचा होतो.

शैला : सत्तावीस? थांबा. थांबा हां जरा. ते तुम्ही होता?

तुळशीदास : कोण मी?

शैला : आमच्या घरी हा किस्सा किती वेळा ऐकलाय मी, मला वाटायचं बाबा थट्टा करतात. संपाच्या कमिटीवर महादेवकाका होते ना, ते समोरच्या पानाच्या टपरीवरून आत जाणारे मोजत होते. संध्याकाळी घरी आले तावातावाने. 'दत्तू, सत्तावीस गेले, तुझ्या वहीत सव्वीस कसे?' बाबा म्हणाले, 'एक जण गेला तेव्हा माझी पाठ होती. डोळ्यात कापूस गेला होता, तो काढत होतो. मला दिसलाच नाही, तर लिहू कसा?'

तुळशीदास : कापूस?

शैला : कापूस. शेवटपर्यंत तेच सांगायचे. नाव नाही सांगितलं कधी.

तुळशीदास : दहा महिने गिरणी बंद. फाटकावर कापूस कुठून उडणार?

शैला : तेच आई अजून विचारते.